साठ मावळे, तीन पेट्या

शिवाजी महाराजांवर पिक्चर करायचा म्हटलं की पोरं आधी तलवारीची चौकशी करतात, मग घोड्यांची, मग ड्रोनची. कपड्याचं नाव निघतं शूटिंगला चार दिवस उरल्यावर. मग मला फोन येतो, "मामा, साठ मावळे आहेत. पांढरे अंगरखे, भगवी मुंडाशी. भाडं किती घेणार?" मी विचारतो, "कुठल्या सालचे मावळे?" की पलीकडं सगळं गप्प.

मी कोल्हापूरचा. चौतीस वर्षं ड्रेसमनचं काम केलं. वडील शिंपी, जयप्रभा स्टुडिओत अंगरखे शिवायचे. माझं शिक्षण त्यांच्या मशीनखाली चिंध्या गोळा करता करता झालं. आता गुडघे बोलतात म्हणून शूटिंगला जात नाही. पण कॉलेजची पोरं, गावची मंडळं, शॉर्टफिल्मवाले येतात. त्यांना जे दर वेळी तोंडानं सांगतो ते एकदा लिहून ठेवतोय.

राजा मोठा होत गेला हे दाखवायला राजाच्या अंगावर दागिने चढवायची गरज नाही. त्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसांचे कपडे बदला, प्रेक्षकाला न सांगता कळतं. म्हणून कपडे तीन पेट्यांत लावा. पहिली पेटी तोरण्यापासून जावळीपर्यंतची, म्हणजे साधारण १६४६ ते १६५६. दुसरी अफजलखानाच्या स्वारीनंतरची. तिसरी १६७४ च्या राज्याभिषेकाची. आधीच्या पेटीतला कपडा पुढच्या पेटीत गेला तर चालतो, कारण माणूस जुना कपडा टाकून देत नाही. पण पुढच्या पेटीतला आधीच्या पेटीत आला की गडबड.

पहिली पेटी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. ही मावळातली माणसं. डोंगरातलं नाचणी-वरईचं शेत, गुरं, पाऊस. यांच्या अंगावर शिवलेला कपडा कमी. चाळीस जण असतील तर मी अशी वाटणी करतो: पंधरा-सोळा जण उघडे, लंगोट किंवा आखूड धोतर आणि खांद्यावर घोंगडी, बारा-तेरा जणांना बिनबाह्यांची बंडी, बाकीच्यांना जुनी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. पूर्ण अंगरखा दोघातिघांनाच, कारण ते वतनदार, देशमुख घरातले. फ्रेममध्ये एवढा फरक दिसला की कोण कुणाचं ऐकतो हे आपोआप कळतं.

या पेटीत महाराजांना फाटकं दाखवू नका आणि मढवूही नका. ते शहाजीराजांचे पुत्र, पुण्याच्या जहागिरीचे धनी. चांगल्या सुती कापडाचा जामा, म्हणजे लांब घेरदार अंगरखा, कमरेला शेला, डोक्याला साधं पागोटं, बास. दिग्दर्शकाला सोळा वर्षांच्या शिवबाला जिरेटोप आणि मोत्यांच्या माळा घालायच्या असतात. तिथं वाद घालावा लागतो. मी एकच सांगतो, "सगळं आत्ताच घातलं तर राज्याभिषेकाला काय घालणार?"

कापड इचलकरंजीहून आणा. रंग न दिलेलं, धुवट न केलेलं ग्रे कापड मागा, मांजरपाटासारखं जाड. पॉलिएस्टर मिसळलेलं दुकानदार गळ्यात मारतो, तेव्हा एक दोरा ओढून काडी लावा. सुती दोऱ्याची राख होते, मिसळीच्या दोऱ्याचा कडक मणी होतो. कॅमेरे आता इतके बारीक बघतात की पॉलिएस्टरची चमक उन्हात लगेच पकडतात.

आता मुंडासं. यावर जरा थांबतो, कारण सगळे इथंच घसरतात. तयार, टोपीसारखं शिवलेलं मुंडासं भाड्यानं मिळतं. ते घेऊ नका. साठ डोकी एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात. साडेपाच मीटर कापड घ्या आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मधोमध धरून उभा फाडा. कात्री लावायची नाही, फाडायचंच, म्हणजे कडेला दशा सुटतात आणि कपडा वापरातला वाटतो. एका तुकड्यात दोन मुंडाशी होतात. साठ माणसांना एकशे पासष्ट मीटर.

बांधताना माणसाला उभा करा. एक टोक हातभर सोडून ते त्याच्या दातात द्या. दुसरं टोक जोडीदारानं लांब धरायचं आणि दोरखंडासारखा सैलसर पीळ द्यायचा. घट्ट पीळ दिला तर डोक्यावर गाडीचा टायर ठेवल्यासारखं दिसतं. पहिला वेढा भुवयांच्या वर दोन बोटं सोडून सरळ. दुसरा उजव्या कानाच्या वरून तिरका. तिसरा डाव्या कानावरून, पहिल्या दोघांना फुलीसारखा छेदत. मग जसं येईल तसं येऊ द्या. शेवटचं टोक मागं, दोन वेढ्यांच्या मधून खालून वर खोचा. आता दातातलं टोक सोडायला सांगा आणि ते मानेवर मागं टाका. मग त्याला म्हणा, "डोकं गदागदा हलव." सुटलं तर परत. टाळू थोडी उघडी राहिली तर राहू द्या, मावळ्याचं मुंडासं आहे, लग्नातला फेटा नव्हे.

मानेवरच्या टोकाचा आणखी एक फायदा. आजकालच्या प्रत्येक पोराची मान मशीननं घासलेली असते, कानापासून खाली पांढरा पट्टा. ते टोक त्यावर पडतं आणि सलूनवाला झाकला जातो.

एक मुंडासं पाच मिनिटांचं. साठ माणसं म्हणजे पाच तास, आणि पहिला शॉट तर सकाळी सातचा असतो. यावर वडिलांचा उपाय: आदल्या संध्याकाळी दहा पोरं निवडून त्यांना बांधायला शिकवायचं. सकाळी प्रत्येकानं पाच-पाच डोकी बांधायची, मग एकमेकांची. अर्ध्या तासात काम फत्ते, आणि दहा हातांची दहा वळणं असल्यामुळं डोकी एकसारखी दिसत नाहीत, ते वेगळंच.

धोतराचं थोडक्यात. दुटांगी, म्हणजे दोन्ही पायांना वेगळं येईल असं नेसवा, गुडघ्याच्या खाली जाऊ देऊ नका. पळापळीचा सीन असेल तर कमरेला आत नाडी आणि मागं कासोट्याला चार टाके घाला. आतली चड्डी कपड्याच्या रंगाची हवी आणि ती तुम्ही द्या, त्याच्या घरची नको. एका लढाईत कडा चढणाऱ्या मावळ्याचं धोतर वाऱ्यानं उडालं आणि खाली निळी, पट्ट्यापट्ट्यांची. दिग्दर्शकाला तो शॉट सगळ्यात आवडला होता. तो शॉट गेला, आणि मला त्या दिवशीचं जेवण गेलं नाही.

रंगाचा हिशेब सोपा आहे. कृत्रिम रंग निघाला १८५६ साली, तोही विलायतेत. त्याआधी जे काही रंगायचं ते झाडातून, मुळीतून, मातीतून. निळीचा निळा, मंजिष्ठेचा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळीचा लाल, हळदीचा पिवळा, पळसाचा केशरी, गंज आणि हिरड्याचा काळा, कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, तांबूस. हे सगळे रंग दबलेले असतात. दुकानातला झगझगीत भगवा पळसाच्या जवळपासही जात नाही. तरी मंडळाची पोरं तोच आणतात, कारण मिरवणुकीला तो असतो. आणलाच असेल तर दोनदा उन्हात वाळवा, मग चहाच्या पाण्यातून काढा.

आणि रंगीत कापड आधी धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मी एकदा हे टाळलं. पन्हाळ्याहून सुटकेचा सीन होता, रात्रीचा, पावसाचं पाणी टँकरनं. चाळीस मुंडाशी गर्द लाल, नवीकोरी, सकाळीच आलेली. पहिल्या पाण्यातच रंग खाली उतरला. कपाळावरून, गालावरून, अंगरख्यावरून. लढाई सुरू व्हायच्या आधीच सगळे रक्तबंबाळ. चूक माझीच होती. रात्रभर अंगरखे चुन्याच्या निवळीत, मग साबणात, तरी गुलाबी डाग राहिले ते राहिलेच.

पन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढ, कोसळणारा पाऊस. तिथं माणसं नुसती घोंगडी खांद्यावर टाकून जाणार नाहीत, खोळ करणार. घोंगडीची एक आखूड बाजू मधोमध दुमडायची, दोन्ही कोपरे एकावर एक आणायचे आणि ती कड टाचून घ्यायची. जे टोक तयार होतं ते डोक्यावर, बाकीची घोंगडी पाठीवर. हात मोकळे राहतात. सुयांऐवजी बाभळीचा काटा लावला तर अजून छान, जवळच्या शॉटमध्ये लोक विचारतात हे काय आहे म्हणून. पण भिजलेली घोंगडी फार जड होते. ज्याला पालखी खांद्यावर घेऊन पळायचंय त्याला खरी लोकरीची देऊ नका, त्याच रंगाचं सुती कापड द्या.

आता दुसरी पेटी. ही माझी आवडती, कारण हिला इतिहासात पुरावा आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान पडला. नंतर काय काय हाती लागलं याची यादी महाराजांचं चरित्र लिहिणाऱ्या सभासदानं बखरीत दिलीय: पासष्ट हत्ती, चार हजार घोडे, बाराशे उंट, आणि कापडाची दोन हजार ओझी. हत्ती-घोडे सगळ्यांच्या लक्षात राहतात. मी शिंप्याचा पोर, माझं लक्ष कापडावर. दोन हजार ओझी कापड जावळीच्या खोऱ्यात आलं तर ते कुणाच्या तरी अंगावर गेलंच असणार ना? म्हणून दुसऱ्या पेटीत मावळ्याच्या जाड बंडीवर मध्येच एखादा विजापुरी छापाचा शेला कमरेला दिसतो. कुणाच्या मुंडाशाला जरीची फाटकी किनार. कुणाला ढगळ जामा, बाह्या दुमडलेल्या, कारण तो त्याच्या मापाचा नाहीच. साठ माणसांत असे दहा-बाराच करा. प्रेक्षक बोट दाखवणार नाही, पण त्याला जाणवतं की या लोकांचे दिवस पालटले.

याच पेटीत घोडेस्वार येतात, आणि तिथं एक बारकावा आहे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळतं. शिलेदार म्हणजे जो स्वतःचं घेऊन येतो. तर बारगिरांची खोगिरं, भाले, कमरपट्टे एकसारखे ठेवा. शिलेदारांचं प्रत्येकाचं वेगळं, एकाचं भारी, एकाचं ठिगळाचं. सैन्य संघटित होत चाललंय हे दाखवायला संवाद लिहायची गरज पडत नाही.

शत्रूच्या बाजूला सगळ्यांना काळं-हिरवं घालून दाढ्या चिकटवायची जुनी खोड आहे. ती सोडा. आदिलशाही फौजेत मराठे सरदार होते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. इकडं महाराजांकडं नूरखान बेग, सिद्दी हिलाल, आरमारात दौलतखान. कपडा दोन्हीकडं दख्खनचाच. मग कोण हिंदू, कोण मुसलमान हे ओळखायचं कसं? जाम्याच्या बंदावर बघा. मुघल काळच्या चित्रांत हिंदूंचा जामा डाव्या बगलेखाली बांधलेला असतो, मुसलमानांचा उजव्या. मी प्रत्येक जाम्याला दोन्हीकडं बंद शिवून घेतो. जसा माणूस तसा बांधायचा. एकच जामा सकाळी इकडं, दुपारी तिकडं. भाडंही निम्मं.

महाराजांचा पोशाख ठरवताना चित्रं समोर ठेवा. मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर महंमद या चित्रकारानं काढलेलं घोड्यावरचं चित्र पॅरिसमध्ये आहे, त्यात सोबत पायी चालणारी माणसंही आहेत. माझ्यासाठी ती माणसं जास्त कामाची. प्रतापगडच्या भेटीसाठी तर बखरच सांगते: जरीची कुडती, डोक्याला मंदील, पायात चोळणा. चोळणा म्हणजे आखूड विजार. धोतर नेसवून वाघनखं चालवायला लावलेला नट मी पाहिलाय, बिचाऱ्याचं अर्धं लक्ष निऱ्यांकडं होतं.

कपडा जुना करणं हा या धंद्यातला खरा गुण. नवा कपडा अंगावर फळीसारखा उभा राहतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, त्यात डस्ट चहा टाका, पाणी विटकरी झालं की कपडे बुडवा आणि हलवत राहा, नाहीतर ढगासारखे डाग पडतात. काही कमी वेळ ठेवा, काही रात्रभर. वाळल्यावर खरं काम. सगळीकडं सारखी माती फासणारे ड्रेसमन मला आवडत नाहीत. माणूस कुठं मळतो ते आधी बघा. शेतकरी गुडघ्याखाली मळतो. स्वाराची विजार मांडीच्या आतल्या बाजूनं घासते, तिथं दगड घासायचा. भार वाहणाऱ्याचा एकच खांदा झिजतो. मानेला तेल आणि घामाची कड येते, तिथं बोटानं खोबरेल तेल आणि त्यावर चिमूटभर काव. तलवारीचा पट्टा जिथून जातो तिथं तिरकी पुसट रेघ. एका अंगरख्याला वीस मिनिटं लागतात, म्हणून हे पुढच्या रांगेतल्या दहा जणांनाच करा. मागच्यांना चहा पुरे.

बायकांचं लुगडं शिवलेलं नको, नेसलेलं हवं, एवढंच म्हणतो. नेसवायला गावातली एखादी आजी बोलवा आणि तिला मान द्या. दागिने कमी.

पुरुषांना भिकबाळी नको, पुणेरी पगडी तर अजिबात नको. तो मामला बराच पुढचा. कपाळावर चंद्रकोर साठच्या साठ जणांना एकाच साच्यानं उठवतात, जणू कारखान्याचा शिक्का. कुणाला गंध, कुणाला भंडारा, कुणाला काहीच नाही, असं करा. बाजाराचा सीन असेल तर माझं खातं नसूनही सांगतो, टोपल्यांतले टोमॅटो-बटाटे उचला.

तिसरी पेटी ६ जून १६७४ ची, रायगडची. इथं पैसे जातात, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात आणि पहिल्या दोन पेट्यांना काही उरत नाही. उलट करा. दरबारात अष्टप्रधान आठ, त्यांचे आठ पोशाख चांगले शिवा. रेशीम परवडत नसेल तर जुन्या पैठण्यांचे, शालूंचे काठ विकत घेऊन सुती जाम्याला लावा. मागच्या रांगा धुवट पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या. पहिल्या पेटीतल्या चहाच्या रंगानंतर नुसता स्वच्छ पांढरा दिसला तरी डोळे दिपतात. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी तिथं होता. त्यानं सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय पाहिलं ते लिहून ठेवलंय: मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, घोड्यांची शेपटं आणि सोन्याचा तराजू. हे तीन जिन्नस थर्माकोल आणि सोनेरी वर्खात सहज होतात. पुठ्ठ्याचे सिंह आणण्यापेक्षा हे करा.

याच दरबारात पहिल्या पेटीतला एक म्हातारा मावळा मागं कुठंतरी उभा करा. नवा जामा, पण खांद्यावर तीच घोंगडी. मी हे दोन पिक्चरमध्ये केलं. एकात एडिटरनं कापला. दुसऱ्यात दोन सेकंद राहिला.

शूटिंगच्या दिवशीचं. गडावर जाणार असाल तर परवानगी महिनाभर आधी बघा. रायगड, पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, आणि २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर कुणी डोळेझाक करेल असं समजू नका. नाहीतर गावाजवळची टेकडी घ्या. कपडा बरोबर असला की टेकडीही मावळ दिसते.

प्रत्येक माणसाचं एक गाठोडं, त्यावर नंबर, तोच नंबर त्याच्या तळहातावर पेनानं. कपडे घातल्यावर पुढून-मागून मोबाईलमध्ये फोटो, म्हणजे उद्या शेला कुठल्या खांद्यावर होता यावरून भांडण नको. घड्याळं, अंगठ्या, दोरे एका डब्यात. घड्याळ काढलं तरी मनगटावर पांढरा पट्टा राहतो, तिथं काव चोळा. दंडावर टॅटू असेल तर वर काळ्या दोऱ्यात ताईत बांधा किंवा त्या बाजूला घोंगडी टाका. वहाणांना टाचेमागून चामड्याची वादी बांधा. धावताना सुटलेली वहाण मागच्याच्या तोंडावर बसते, हे मी पाहिलंय. चष्म्याशिवाय ज्याला दिसत नाही त्याला उतारावर पळवू नका, खाली पखालवाला करून बसवा.

पॅकअप झालं की गाठोडी परत घेताना मोजून घ्या, आणि माणसाच्या समोरच मोजा. मुंडाशी पीळ सोडून, लांब करून वाळत घाला, तशीच गुंडाळून ठेवली तर घामानं दुसऱ्या दिवशी वास मारतात. घोंगड्या धुवायच्या नाहीत, उन्हात टाकून काठीनं झोडायच्या आणि कडुनिंबाचा पाला घालून पेटीत. मुंडासं एक कमी भरलं तर लगेच कुणावर आळ घेऊ नका. आधी जेवणाच्या मांडवामागं जाऊन बघा. कुणीतरी मावळा ते उशाला घेऊन घोरत पडलेला असतो.